इंग्लंडमधल्या बंद पडलेल्या पबचा इतिहास पुण्यात बसून कसा शोधायचा?

पेठेतला_पक्या

नमस्कार मंडळी, प्रश्न पुण्याचा नाहीये पण इथे वाडे, जुने नकाशे, मोडी असल्या गोष्टीत डोकं घालणारी माणसं आहेत म्हणून इथेच विचारतो. धागा चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

माझी ताई आणि दाजी इंग्लंडात असतात, नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका मार्केट टाऊनमधे, म्हणजे आठवडी बाजाराचं गाव. त्यांनी आत्ता जे घर घेतलंय ते आधी पब होतं, नाव व्हाइट हार्ट (या नावाचे पब तिकडे ढिगानी आहेत म्हणून नाव सांगतोय, गाव सांगत नाही, शेवटी घरचा पत्ता आहे). पब दहाएक वर्षांपूर्वी बंद पडला, मग बरीच वर्षं खिडक्यांना फळ्या ठोकून पडून होता, मग एका बिल्डरनी आतलं सगळं काढून तीन बेडरूमचं घर केलं. बाहेर बोर्ड टांगायचा लोखंडी ब्रॅकेट तेवढा राहिलाय.

एजंटच्या माहितीपत्रकात छापलं होतं की ही सतराव्या शतकातली कोचिंग इन आहे, म्हणजे लांबच्या घोडागाड्या थांबायच्या, प्रवासी मुक्काम करायचे, घोडे बदलायचे तसली जागा. शेजारचे एक आजोबा त्याच्यावर चढवून सांगतात की नेझबीच्या लढाईच्या (राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धातली) आदल्या रात्री पार्लमेंटच्या बाजूचा क्रॉमवेल इथे झोपला होता आणि तळघरातून चर्चपर्यंत भुयार आहे. दाजींनी हे सगळं खरं धरलंय आणि दारावर पितळी पाटी करायला टाकायच्या बेतात आहेत. ताई म्हणते आधी खात्री करा मग पाटी करा. आणि ती खात्री करायचं काम माझ्या गळ्यात, का तर मी रविवारी हेरिटेज वॉकला जातो.

इथून ऑनलाइन काय काय मिळेल? तिकडे जाऊन कुठे काय बघायचं? पैसे भरायला लागणार असतील तर कुठे भरण्यात अर्थ आहे तेही सांगा.

वाडेहुडक्या

भुयार निघालंच का शेवटी हाहाहा. सदाशिव नारायण शनिवार पेठेत एक वाडा दाखवा ज्याच्या मालकांनी आमच्याकडून शनिवारवाड्यापर्यंत भुयार होतं असं सांगितलेलं नाही, तिकडे शनिवारवाड्याच्या जागी चर्च असतं एवढाच फरक. तळघराच्या भिंतीत एखादी बुजवलेली कमान दिसली की भुयार तयार. पबच्या तळघरात ती बहुतेक करून रस्त्यावरून बिअरची पिंपं खाली सोडायची जागा असते, ताईला बाहेर फुटपाथवर जुन्या लाकडी झडपांच्या खुणा दिसतात का बघायला सांगा.

क्रॉमवेलचं तर लगेच तपासता येतं. नेझबीची लढाई १४ जून १६४५ ची. आदल्या दिवशी सकाळी क्रॉमवेल घोडदळ घेऊन किस्लिंगबरीला त्यांच्या सेनापतीला, फेअरफॅक्सला, येऊन मिळाला आणि रात्री सगळं सैन्य गिल्सबरोच्या आसपास होतं. ही दोन्ही खेडी आहेत, ताईचं मार्केट टाऊन म्हणजे ते दोन्ही नाही. क्रॉमवेल जिथे जिथे झोपला असं तिकडचे पबवाले सांगतात ते सगळं खरं धरलं तर बिचारा लढला कधी.

एक लक्षात ठेवा, इमारत किती जुनी आणि तिथे पब कधीपासून हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भिंती सतराव्या शतकातल्या असू शकतात, त्याच्यावरून पबबद्दल काहीच कळत नाही.

मिडलंड्सची_माई

मी मूळची कोथरूडची, आता बरीच वर्षं लेस्टरला असते आणि इथल्या लोकल हिस्ट्री ग्रुपमधे जाते त्यामुळे हे उद्योग केलेत. वाडेहुडक्या म्हणतात ते बरोबर आहे, इमारतीच्या मागे लागू नका, लायसन्सच्या मागे लागा. पब म्हणजे लायसन्स. दारू विकायला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागणार हा कायदा इथे १५५२ मधे आला आणि जिथे परवानगी तिथे कागद आलाच.

पक्या, तू सुरुवात नकाशापासून कर, फुकट आहे आणि पुण्यातून होतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी नकाशाखात्याचे, जुने नकाशे आहेत, नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचे पण आहेत. पंचवीस इंच म्हणतात ती सिरीज बघ, त्यात घरन् घर दिसतं, आणि तुमच्या काउंटीचे पहिले नकाशे १८८० च्या दशकातले आहेत. ताईच्या घरावर काय लिहिलंय ते बघ. इन किंवा हॉटेल असं सरळ लिहिलेलं असेल, किंवा पी.एच. म्हणजे पब्लिक हाउस, किंवा बी.एच. म्हणजे बिअर हाउस. ही अक्षरं बारीक असतात पण त्यातच सगळं आहे, का ते तू बघून आलास की सांगते.

मग ट्रेड डिरेक्टरी. पिगट, केली वगैरे लोकांनी गावोगावच्या धंदेवाल्यांच्या याद्या छापल्या होत्या, लेस्टर युनिव्हर्सिटीनी त्यातल्या भरपूर स्कॅन करून फुकट ठेवल्यात. इथे एक गंमत आहे आणि नवीन माणूस इथेच अडकतो. इन्स अँड टॅव्हर्न्स या मथळ्याखाली पबची नावं असतात, पण बिअर हाउसवाले वेगळ्या मथळ्याखाली बिअर रिटेलर म्हणून असतात आणि तिथे बहुतेक वेळा पबचं नावच नसतं, नुसतं माणसाचं नाव आणि गल्ली. म्हणजे व्हाइट हार्ट सापडलं नाही तर पब नव्हता असं समजू नकोस, गल्ली धरून शोध.

माणसाचं नाव मिळालं की जनगणना. १८४१ पासून दर दहा वर्षांनी माणसांच्या नावांसकट आहे, १९२१ ची २०२२ मधे खुली झाली. १९३१ ची आगीत जळली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, मधल्या काळाला १९३९ चं रजिस्टर वापरायचं. इथे पैसे लागतात, पण एकाच महिन्याचं सबस्क्रिप्शन घे आणि सगळं एकदम बघून टाक. जुन्या जनगणनेत घर नंबर नसतात किंवा असले तरी नंतर बदललेत, त्यामुळे कोपऱ्यावरचं चर्च, बेकरी असं काहीतरी पक्कं ठिकाण धरायचं आणि गणणारा कुठल्या बाजूनी चालत गेला त्या क्रमानी घरं मोजायची. वैताग आहे पण जमतं.

पैसे भरायची दुसरी जागा म्हणजे ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह. नॉर्थॅम्प्टन मर्क्युरी हा पेपर १७२० पासूनचा आहे आणि तो तिथे आहे. पबबद्दल पेपरात प्रचंड छापून यायचं, लिलाव पबमधे, मतदानाच्या सभा पबमधे, कुणी अपघाताने मेला की कॉरोनरची (मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी) चौकशी पण पबमधे, कारण गावात एवढी मोठी खोली दुसरीकडे नसायची. १९०२ च्या कायद्यानी दुसरी जागा असेल तर चौकशी पबमधे घ्यायची नाही असं ठरलं तोपर्यंत हे चालू होतं. त्यामुळे पबच्या नावानी शोधलंस तर निम्म्या बातम्या प्रेतांच्या निघतील, घाबरू नकोस.

आणि तिकडे जाऊन बघायचं ते नॉर्थॅम्प्टनशायर आर्काइव्ह्जमधे, वुटन हॉल पार्कला आहे. पबवाल्यांचे जामीनखत आणि त्याची रजिस्टरं साधारण १७५३ ते १८२८ या काळातली काउंटीच्या दप्तरात असतात, आणि १८७२ नंतरची लायसन्सची रजिस्टरं. त्यात मालक कोण, चालवणारा कोण, कधी दंड झाला, सगळं. ताईला आधी कॅटलॉग बघून मगच जायला सांग.

कर्वेरोडचा_राजा

व्हाइट हार्ट म्हणजे पांढरं नर हरीण हे दुसऱ्या रिचर्डचं चिन्ह होतं ना, तो राजा १३७७ ते १३९९. मग पब चौदाव्या शतकातला असू शकतो की. दाजींची पाटी अजून तीनशे वर्षं मागे न्या म्हणतो मी.

वाडेहुडक्या

राजे, चिन्ह रिचर्डचंच, पण ते नाव पुढे सहाशे वर्षं कुणीही उचललेलं आहे. नावावरून वय काढायचं नाही.

आणि कोचिंग इनबद्दल, पक्याशेठ, सोपी टेस्ट. बाजूला गाडी आत न्यायची कमान आहे म्हणालात तर तिची उंची मोजायला सांगा. गाडीच्या टपावर माणसं आणि सामान असायचं, ठेंगण्या कमानीतून ती जाणार कशी. आणि दुसरं, गाव कुठल्या रस्त्यावर होतं. टोस्टर, डॅव्हेंट्री ही गावं लंडनहून वर जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर होती, तिथे गाड्यांचा धंदा जोरात होता आणि १८३८ ला लंडन बर्मिंगहॅम रेल्वे पूर्ण झाल्यावर तो बसला. आडगल्लीत कोचिंग इन काढून कोण बसेल.

एक भारी कागद पण सांगून ठेवतो. १६८६ मधे सरकारनी सैन्य उतरवायची सोय किती आहे बघायला इंग्लंडभर गावोगावच्या इन आणि एलहाउसमधले (साधे पब) पलंग किती आणि घोडे बांधायच्या जागा किती याची यादी केली होती, ती लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे युद्धखात्याच्या कागदात आहे. त्यात पबची नावं मिळणार नाहीत, गावाचा आकडा मिळेल, पण सतराव्या शतकात गावात किती लोकांची सोय होती ते कळेल.

पेठेतला_पक्या

वाडेहुडक्या, कमान आहे हे मी लिहिलंच नव्हतं पण खरंच आहे हो, मागच्या अंगणात जायला. ताईनी टेप लावून मोजली, जेमतेम सात फूट. हातगाडी जाईल. दाजी म्हणाले रस्ता वर आला असेल, ताई म्हणाली मग दरवाजा पण बुडाला असता, तो विषय तिथे मिटला.

आता माई तुमच्यासाठी. नकाशा बघितला. रात्री जेवल्यावर बसलो आणि दीड वाजता उठलो, बायको वैतागली. ताईच्या घरावर पी.एच. नाही, बी.एच. आहे! बाजारचौकात दोन ठिकाणी हॉटेल लिहिलंय, दोन तीन पी.एच. आहेत, आणि हे मागच्या गल्लीत बी.एच. मग तुमच्या सांगण्याप्रमाणे डिरेक्टरीत बिअर रिटेलरच्या यादीत गल्ली धरून शोधलं तर १८५० च्या आसपासच्या यादीत त्या गल्लीत एकच माणूस सापडला आणि तो शूमेकर अँड बिअर रिटेलर. जनगणनेत पण तोच आहे, बूट शिवणारा, बायको, पाच पोरं आणि दोन भाडेकरू, ते दोघेही बूट शिवणारे. व्हाइट हार्ट हे नाव मला विसाव्या शतकातल्या केलीच्या डिरेक्टरीत पहिल्यांदा दिसलं. म्हणजे हा माणूस बूट शिवता शिवता बिअर विकत होता का? असं चालायचं?

मिडलंड्सची_माई

अरे मस्त! असंच चालायचं, आणि माझ्या मते कोचिंग इनपेक्षा हे शंभरपट इंटरेस्टिंग आहे.

झालं असं की १८३० पर्यंत पब काढायचा तर मॅजिस्ट्रेटच्या हातापाया पडायला लागायचं, आणि मॅजिस्ट्रेट म्हणजे गावातली बडी मंडळी, त्यांची बिअर बनवणाऱ्या कंपन्यांशी सोयरीक. वर लोक जिन पितात म्हणून ओरड. मग पंतप्रधान वेलिंग्टनच्या सरकारनी १८३० मधे बिअर हाउसचा कायदा आणला, घरपट्टी भरणाऱ्या कुणीही वर्षाला दोन गिनी भरून एक्साइजकडून लायसन्स घ्यावं आणि आपल्या घरात बिअर विकावी, मॅजिस्ट्रेटला विचारायचं नाही. फक्त बिअर आणि सायडर, जिन ब्रँडी नाही. बिअरवरचा टॅक्स पण काढून टाकला. काही महिन्यांतच देशभर हजारो लोकांनी घराची पुढची खोली मोकळी केली, बाकडी टाकली, पिंप आणलं आणि पब सुरू. सुतार, लोहार, बूटवाले, विधवा बायका, ज्यांना जोडधंदा हवा होता ते सगळे. बऱ्याच जागी काउंटर पण नसायचा, तळघरातून जगमधे भरून आणून द्यायचे.

आणि नॉर्थॅम्प्टनशायर म्हणजे बुटांचा जिल्हा. तेव्हा फॅक्टऱ्या नव्हत्या, माणसं घरी नाहीतर मागच्या शेडमधे बसून शिवायची आणि पैसे नगावर. त्यामुळे वेळेचं बंधन नाही, शनिवारी हातात पैसे, रविवारी सुट्टी आणि सोमवारी पण कुणी कामाला हात लावायचं नाही, त्याला सेंट मंडे म्हणायचे. तुझ्या ताईच्या घराचा मालक आणि त्याचे दोन भाडेकरू बूटवाले म्हणजे गिऱ्हाईक घरातच बसलेलं. मागच्या अंगणात विटांची लहान शेड असेल तर मोठ्या खिडकीची आहे का बघ, शिवायला उजेड लागायचा.

पुढे १८६९ च्या कायद्यानी बिअर हाउसं परत मॅजिस्ट्रेटच्या ताब्यात आली आणि नवीन मिळणं अवघड झालं. मग आहे ते लायसन्स म्हणजे सोनं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठ्या ब्रुअरीज ती घरं विकत घ्यायला लागल्या, म्हणजे तिथे त्यांचीच बिअर विकली जाणार. तुमच्याकडे सगळ्यात मोठं नाव फिप्स, टोस्टरला १८०१ ला सुरू झालेली आणि १८१७ ला नॉर्थॅम्प्टनला आलेली. रजिस्टरमधे मालकाच्या रकान्यात त्यांचं किंवा दुसऱ्या कुठल्या ब्रुअरीचं नाव कधी येतं ते बघा, बहुतेक त्याच सुमाराला टांगता बोर्ड आणि व्हाइट हार्ट हे नाव आलं असेल.

दाजींना सांग, पाटीवर बुटाचं चित्र काढा.

पेठेतला_पक्या

दाजी आधी दोन दिवस घुश्शात होते, आता ऑफिसमधे सगळ्यांना बूटवाल्याची गोष्ट सांगत सुटलेत.

माई अजून एक. त्या शेजारच्या आजोबांवर आता माझा विश्वास उडालाय पण ते म्हणतात त्यांच्या तरुणपणी बाजाराच्या दिवशी हा पब दुपारभर उघडा असायचा आणि बाकीचे दिवस दुपारी बंद. हे पण फेकलेलं का?

मिडलंड्सची_माई

नाही, हे शंभर टक्के शक्य आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून दारूच्या वेळा आवळल्या, कारण काय तर दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार पिऊन येतात. तेव्हा दुपारी पब बंद ठेवायची जी पद्धत पडली ती युद्ध संपलं तरी राहिली, थेट १९८८ पर्यंत. पण मार्केट टाऊनमधे बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांसाठी, गुरांच्या व्यापाऱ्यांसाठी त्या दिवसापुरती सूट मिळायची. त्यामुळे आठवड्यातल्या त्या एका दिवशी आजूबाजूच्या गावातले तहानलेले लोक पण अचानक बाजाराला यायचे म्हणे. आजोबांनी क्रॉमवेल बघितला नव्हता, हे बघितलंय. त्यांना चहाला बोलवा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या, कोण कुठे बसायचं, डार्ट्सची टीम होती का, गुरांचा बाजार कधी बंद झाला, हे कुठल्याच रजिस्टरमधे मिळत नाही.

खडकीबाजार

हे सगळं ठीक आहे पण पब बंद का पडला ते कुणी सांगेना. मी मँचेस्टरला होतो काही वर्षं, तिथे सगळे एकच सांगायचे, सिगारेट बंदी. १ जुलै २००७ पासून आत ओढता येईना, गिऱ्हाईक घरी बसलं. विषय संपला.

मिडलंड्सची_माई

इतकं सोपं नाही हो. सिगारेटबंदीनी मागच्या गल्लीतल्या, जेवण न देणाऱ्या पबना फटका बसला हे खरं, आणि हा तसलाच. पण घसरण त्याच्या आधीची आहे. फिप्स १९६० मधे वॉटनी मॅन या लंडनच्या ब्रुअरीनी घेतली आणि पुढे त्या जागेवर १९७४ ला कार्ल्सबर्गचा कारखाना आला, म्हणजे गावच्या पबचा गावच्या ब्रुअरीशी संबंध तिथेच तुटला. मग १९८९ मधे सरकारनी ठरवलं की ब्रुअरीजची मक्तेदारी मोडायची, दोन हजारांहून जास्त पब असतील तर वरच्यातले निम्मे मोकळे सोडा. हेतू चांगला, झालं उलटं, ब्रुअरीजनी पब विकले ते मोठ्या पब कंपन्यांना, ज्या बिअर बनवत नाहीत पण भाडं आणि बिअर दोन्हीत कमावतात, आणि कर्ज काढून घेतलेले पब म्हणजे शेवटी जमिनीचे तुकडे. त्यात २००८ ते २०१३ बिअरवरची ड्यूटी दरवर्षी महागाईच्या वर वाढवत नेली, सुपरमार्केटमधे कॅन स्वस्त. २००० च्या सुमाराला ब्रिटनमधे साठ हजारांच्या आसपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास.

गल्लीतला लहान पब चालवून जेवढे मिळतात त्याच्या कितीतरी पट घर करून विकल्यावर मिळतात. माझ्या मते हेच खरं कारण, बाकी सगळे धक्के.

खडकीबाजार

बरं. आमच्या कँपातले इराणी पण असेच गेले, त्यावर लिहा कुणीतरी.

वाडेहुडक्या

त्याला वेगळा धागा काढा, हा इंग्लंडचा चालू द्या.

पक्याशेठ, कुणी सांगितलं नाही म्हणून, प्लॅनिंग अर्ज बघितलात का? मे २०१७ पासून इंग्लंडमधे पबचं घर करायला प्लॅनिंगची परवानगी लागतेच, त्याच्या आधी पण घरासाठी लागायचीच. त्या गावच्या कौन्सिलच्या साइटवर पत्ता टाकला की बिल्डरनी दिलेले सगळे कागद फुकट दिसतात, मोजमापाचे नकाशे, शेजाऱ्यांच्या हरकती, आणि जुनी इमारत असेल तर हेरिटेज स्टेटमेंट नावाचा रिपोर्ट.

आणि ताईच्या खरेदीच्या कागदात एखादी अट आहे का ते पण बघा, जुने मालक पब विकताना पुढे इथे कधीही पब चालवायचा नाही अशी अट घालून विकतात.

पेठेतला_पक्या

अट आहे! वकिलांनी तेव्हा सांगितलं होतं म्हणे, कुणी लक्ष दिलं नव्हतं.

प्लॅनिंगची फाइल पण मिळाली, भली मोठी पीडीएफ. रिपोर्टमधे स्पष्ट लिहिलंय की पुढचा भाग अठराव्या शतकातलं साधं राहतं घर आणि एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळापासून बिअर हाउस. म्हणजे एजंटला हे माहीत असायला हवं होतं, तरी कोचिंग इन छापलं. हरकतींमधे गावातल्या बऱ्याच लोकांची पत्रं आहेत, एकानी लिहिलंय की त्याच्या लग्नाची पार्टी इथे झाली होती. आणि पाडायच्या आधीचे आतले फोटो आहेत, लाकडी काउंटर, मागे कोरीव काचा, काय सुंदर आहे राव. ताई ते बघून हळहळतेय, आता काउंटरसाठी हटून बसलीये. तो कुठे गेला असेल?

मिडलंड्सची_माई

पबचे काउंटर आणि काचा सहसा फेकत नाहीत, रिक्लेमेशन यार्ड म्हणून जुन्या इमारतींचं सामान विकणारे असतात तिथे जातात, चांगले पैसे येतात. बिल्डरला फोन करून कुठल्या यार्डाला दिलं ते विचारा, फोटो छापून बरोबर न्या. आणि सापडला तर आधी लांबी मोजा, तो परत त्या दारातून आत जायला पाहिजे.